किट वाटून झाले, पुढे काय?

शाळेत दातांचं शिबिर घेऊन मुलांना ब्रश-पेस्टचे किट वाटले, हे चांगलंच. पण किट घरी गेलं की एका ब्रशवर तीन भावंडं, हे सर्रास चालतं. ब्रश वर्गातच ठेवा आणि शालेय पोषण आहारानंतर बाईंसमोर रोज दोन मिनिटं घासून घ्या. नळावर झुंबड उडते म्हणून हे उपक्रम बंद पडतात, पण नळ लागतोच कुठे? जागेवर बसून घासायचं, फेस कागदात थुंकायचा. चूळ भरायची नाही, पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड धुऊन जातं. पेस्ट किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, पहिलीच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. ट्यूब ब्रशला टेकवू नका, ताटलीत वेगवेगळे ठिपके काढून द्या. ब्रश नावं घालून उभे, मोकळ्या हवेत ठेवा. डब्यात कोंडले की ओले राहतात.

तपासणीत सगळ्यात जास्त निसटते ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ. दुधाच्या दाढांमागे, कुठलाही दात न पडता येते, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात. काळी पडली तरी 'पडेलच ती'! पहिली-दुसरीतच दंतवैद्याकडून तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा लेप, भरून घ्यावं. दाढ पूर्ण वर आलेली आणि कोरडी हवी. लाळ लागली की सीलंट सुटतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीत, दंतक्षयाची (दात किडण्याची) तपासणी आहेच. घोडं अडतं ते पुढच्या उपचारासाठी दवाखान्यात पाठवणाऱ्या संदर्भ चिठ्ठीवर. दवाखान्यात न्यायचं तर पालकांचा रोज बुडतो. मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्यांची यादी ठेवून एकाच दिवशी गाडी केली, तर निम्मं काम होईल.