यायचं नसेल तर आधीच ‘नाही’ म्हणा ना बे!

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ग्रुपवर मेसेज आला. पहाटे ५ ला पचमढीला निघायचं होतं. गाडी सांगितलेली, बॅग दारात, आईने दशम्या आणि ठेचा डब्यात भरून ठेवलेला. आणि आमचा धरमपेठचा मित्र लिहितो, ‘सॉरी यार, माझं नाही जमत. तुम्ही करा एन्जॉय.’ त्यावर पाच मिनिटांत मनीषनगरच्या मित्राचा मेसेज, ‘तो नाही येत तर मंग मीपण ड्रॉप होतो बे.’

बस. दोन ओळी. दोन महिन्यांची जुळवाजुळव त्या दोन ओळींत मातीत.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. आज एकोणीस दिवस झाले, अजून उतरलेली नाही.

आम्ही कॉलेजातले सात जण. आता कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, बाकीचे इथेच नागपुरात, धरमपेठ, मनीषनगर, मानेवाडा अशा भागांत. फेब्रुवारीत ठरलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भेटायचं. एक दिवस नागपुरात काढायचा, मग मध्य प्रदेशातली पचमढी, आणि तिथून एका दुपारी मढईच्या गेटवरून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सफारी. हेच दिवस का, तेही विचार करून ठरवलं होतं. मार्च एंडिंग संपलेलं असतं. मे महिन्यात नागपूर ४५ च्या घरात गेलं की माणूस कूलरसमोरून हलत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला जंगलात पानगळ झालेली असते, नाले आटलेले असतात, जनावर पाण्यावर येतं. वर पचमढीला सालाच्या झाडांना नवी पालवी असते आणि संध्याकाळी वारं गार असतं. इंग्रजांच्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तेव्हा सरकार उन्हाळ्यात पचमढीलाच जायचं. आमच्याकडचे लोक आजही महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन तिथला चौरागड चढतात, नागपंचमीला तिथल्याच नागद्वारला जातात. पचमढी आम्हाला परकी नाही. घरापासून अडीचशे किलोमीटर.

तर ठरलं. सातही जणांनी ‘हो’ म्हटलं. धरमपेठवाल्याने तर सगळ्यात आधी. ‘मी येऊन राहिलो बे, पक्कं धर.’ हे त्याचे शब्द आहेत, ग्रुपवर अजून आहेत, वाटल्यास वर जाऊन वाचा.

आता ‘पक्कं धर’ म्हटल्यावर पुढे काय काय होतं, हे या लोकांना माहीतच नसतं, कारण त्यांनी आयुष्यात कधी एक खोली स्वतः बुक केलेली नसते. सफारीच्या परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकावा लागतो, गेटवर तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक. प्रत्येक फेरीला किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलं असतं, म्हणून परमिट आधी काढून ठेवावं लागतं. त्यासाठी मी ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो मागितले. नऊ दिवस लागले! नऊ दिवस मी रोज आठवण करतोय, आणि लोक अंगठे दाखवताहेत. मनीषनगरवाल्याचं कार्ड शेवटी मी त्याच्या घरी जाऊन फोटो काढून आणलं. ड्रायव्हरशी बोलायचं मी. हॉटेलवाल्याला अ‍ॅडव्हान्स पाठवायचा मी. कोणाला मटण चालत नाही, कोणाला वरच्या मजल्यावरची खोली नको, सगळं मीच लक्षात ठेवायचं. आणि काही म्हटलं की उत्तर एकच, ‘तूच पाह्य ना बे, तुले जमते.’ मला जमतं म्हणजे मला वेळ आहे असं नाही. मीही नोकरी करतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून हॉटेलांना फोन लावले आहेत मी.

आणि मी काही दगड नाही. अडचण येते, मला कळतं. मुंबईच्या मित्राच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याने तीन आठवडे आधी स्वतः फोन केला. म्हणाला, ‘माझं नाव परमिटवर टाकू नको, माझ्यामुळे तुमचं काही अडायला नको.’ पाच मिनिटांचा फोन. कोणाचा रुपया बुडाला नाही, कोणाचं तोंड वाकडं झालं नाही, उलट त्याच्या आईसाठी पचमढीहून काहीतरी आणायचं असं आम्ही तेव्हाच ठरवलं. सहा जण राहिलो, जिप्सीत बरोबर सहा बसतात, तसं बुकिंग केलं. नाही म्हणण्याची हीच तर रीत आहे. वेळेवर, तोंडाने, फोन करून.

या दोघांनी काय केलं ते ऐका.

पुण्याचा मित्र रात्रभर गाडीत बसून गुरुवारी सकाळी नागपूर स्टेशनवर उतरला. दोन दिवसांची सुट्टी टाकून. आठ वर्षांनी तो गावात आला होता. आम्ही त्याला घेऊन तर्री पोहे खाल्ले, दीक्षाभूमीवर गेलो, स्तूपाच्या आतल्या गारव्यात बराच वेळ शांत बसलो. मेट्रोत बसून त्याने खिडकीतून अख्खी सीताबर्डी वरून पाहिली, त्याच्या वेळी मेट्रो नव्हती. सीताबर्डीचा किल्ला बाहेरूनच दाखवला, तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट असा मोजक्या दिवशीच लोकांना उघडतात. ऊन उतरल्यावर अंबाझरी तलाव. दिवस इतका छान गेला की मी मनातल्या मनात म्हटलं, केलेल्या धावपळीचं चीज झालं.

रात्री सावजी जेवण. आणि तिथे धरमपेठवाला आमच्यासोबत बसला होता! समोर! त्याच टेबलावर! पाटवड्यांचा रस्सा ओरपत विचारत होता की पचमढीच्या धूपगडावर संध्याकाळी जॅकेट लागेल का. साडेनऊला हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून, ‘सकाळी भेटू’ म्हणून गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज. म्हणजे तो तिथे बसला होता तेव्हाच त्याच्या मनात होतं. कोणीही दोन तासांत असं ठरवत नाही. घरी आजारपण नव्हतं, ऑफिसचं काम नव्हतं. मी त्याच मिनिटाला फोन केला, उचलला नाही. मनीषनगरवाल्याला केला, तो म्हणाला, ‘अबे तसा मूडच नव्हता माझा पहिल्यापासून.’ पहिल्यापासून! मग पहिल्यापासून तोंड कोणी शिवलं होतं?

रात्री बारा वाजता कोणाला शोधणार? परमिटवर नावं त्यांची. खोल्या तीन, हॉटेलचा नियम, रद्द करायचं तर ४८ तास आधी. गाडी मोठी सांगितलेली. चौघं निघालो.

आता पैशाचं बोलतो, कारण अशा वेळी पैशाचं बोलणाऱ्यालाच कोता ठरवतात आणि बुडवणारे मोकळे सुटतात. सगळा खर्च मांडलेला आहे माझ्याकडे. मोठी गाडी तीन दिवसांची १६,२००. तीन खोल्या, दोन रात्री, १५,०००. सफारी, म्हणजे परमिट, जिप्सी, गाइड सगळं धरून ७,२००. एकूण ३८,४००. सहा जणांत माणशी ६,४००. चौघांत माणशी ९,६००. बरं, या दोघांनी आठवडाभर आधी जरी सांगितलं असतं, तर मी छोटी गाडी केली असती, दोनच खोल्या घेतल्या असत्या, तोच हिशेब माणशी ७,००० वर आला असता. म्हणजे न येण्याचं नुकसान फार नव्हतंच. न सांगण्याचं नुकसान आहे सगळं. हे मला ओरडून सांगायचं आहे.

आमच्यातला एक मानेवाड्याचा आहे. मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. तीन दिवस शटर खाली म्हणजे तीन दिवस कमाई शून्य, तरी तो आला, कारण शब्द दिला होता. शुक्रवारी सौंसरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू तुझे ६,४०० च दे, वरचे आम्ही पाहतो. त्याने ऐकलं नाही. खिशातून पाकीट काढलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि पूर्ण ९,६०० माझ्या हातात ठेवले. त्या नोटा मोजतानाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. धरमपेठवाल्याला ३,२०० म्हणजे एका शनिवारचं हॉटेलबिल आहे. मानेवाड्याच्या पोराला ते मुलीच्या शाळेच्या नव्या दप्तराचे, पुस्तकांचे पैसे आहेत. कॉलेजात सोबत शिकलेला माणूस ओळखीचा असतो ना तुमच्या? मग त्याचं घर कसं चालतं हे माहीत नाही तुम्हाला?

आणि काय सोडलं ते तरी कळायला हवं होतं त्यांना. सावनेरपासून सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मग सिलेवानीचा घाट, छिंदवाड्याच्या पुढे रस्त्याकडेला मोहाखाली टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बाया आणि लहान पोरं. तामियाच्या वळणांवर काच खाली केली तर मोहाचा वास थेट गाडीत. धूपगड साधारण १,३५० मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. तिथे जायलाही पचमढीची जिप्सी करावी लागते, तिचंही भाडं गाडीवर, माणसांवर नाही. पुन्हा सहाचं चौघांनी भरलं. सूर्य बुडाल्यावर डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेल्या. पुण्याचा मित्र फक्त एवढंच म्हणाला, ‘सगळे असायला पाहिजे होतो.’ मला गिळता येईना.

शनिवारी मढईला. नावेतून देनवा नदी ओलांडून पलीकडे जायचं आणि तिथून जिप्सी. गेटवर कर्मचाऱ्याने परमिटवरची नावं वाचली, मान वर करून माणसं मोजली आणि विचारलं, ‘बाकी दो?’ काय सांगू त्याला? आमच्या बाजूला बैतूलकडचं एक कुटुंब उभं होतं, दोन लहान मुलं सोबत, त्यांना त्या दुपारचं परमिट मिळालं नव्हतं. त्यातली धाकटी पोरगी आमच्या जिप्सीतल्या रिकाम्या सीटकडे बघत होती. परमिटवर नावं दुसऱ्यांची, त्यामुळे तिला बसवता येईना. ते परत नावेकडे वळले आणि आम्ही दोन रिकाम्या सीट घेऊन जंगलात गेलो. ज्यांना यायचं होतं त्यांना जागा नाही, आणि ज्यांच्यासाठी जागा अडवली ते नागपुरात झोपलेले. पाण्याकाठी रानगव्यांचा कळप होता, वर फांदीवर शेकरू शेपटी खाली सोडून बसलेलं, आणि तेवढ्यात फोनला क्षणभर रेंज आली. धरमपेठवाल्याचं स्टेटस. नागपुरात फुटाळा तलावावर मक्याचं कणीस खातोय. सोबत मनीषनगरवाला!

परत आल्यावर मी दोघांना हिशेबाचा कागद पाठवला. प्रत्येकी ६,४००. रागावलो नाही, शिवी दिली नाही, साधं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘पण मी आलोच नाही ना बे, मंग पैसे कायचे?’

कायचे म्हणजे? तुझ्या नावाची सीट, तुझ्या नावाची उशी, तुझ्या नावाचं परमिट, त्याचे! तू ‘पक्कं धर’ म्हणालास, मी धरलं, त्याचे! दुकान बंद ठेवून आलेल्या माणसाने तुझ्या वाटणीचे भरले, त्याचे! लग्नाच्या पंगतीत पान वाढल्यावर उठून जाणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते यांच्या आज्यांना विचारा.

वर ग्रुपमध्ये तिसराच कोणीतरी मला समजावतो, ‘जाऊ दे ना, मैत्रीत कायचा हिशेब.’ नाही, जाऊ देणार नाही. मैत्रीत हिशेब नसतो तर तो फक्त येणाऱ्यांनीच का नसू द्यायचा? दर वेळी जाऊ दे म्हणत आलो, म्हणूनच हे इतके निर्धास्त झाले. मागच्या वर्षी रामटेकला हेच केलं, त्याआधी चिखलदऱ्याला हेच. तेव्हाही मीच ‘जाऊ दे’ म्हणालो होतो.

काल संध्याकाळी ग्रुपवर धरमपेठवाल्याचा मेसेज आला. पेंचच्या जंगलाच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘मे मध्ये हे करू बे, मला पक्कं धरा.’

मी लिहिलं, ‘आधी मानेवाड्याचे ३,२०० पाठव.’

मेसेजच्या दोन्ही टिक्स निळ्या झाल्या आहेत. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, उत्तर नाही.