मुलाखतीतले प्रश्न पुसू नका

दिवाळी अंकांसाठी मी गेली बरीच वर्षे मुलाखती घेते आणि त्यांचे शब्दांकनही स्वतःच करते. या कामातली एक रूढ पद्धत मला आता चुकीची वाटते आणि त्याविषयी सविस्तर लिहावे, असे अनेक दिवस मनात होते. दोन-तीन बैठकींमध्ये घेतलेली दीर्घ मुलाखत छापण्याची वेळ आली की आपण प्रश्न काढून टाकतो, उत्तरे एकमेकांना जोडतो आणि ती व्यक्ती जणू एकटीच सलग बोलत होती, असे निवेदन तयार करतो. मजकूर ओघवता होतो, पानांची बचत होते आणि वाचकालाही ते आवडते. मीसुद्धा हे कित्येकदा केले आहे, आणि त्यातून एका माणसाचे नुकसान झालेले मी पाहिले आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी संगीत नाटकांना पेटीची साथ करणाऱ्या एका ज्येष्ठ वादकांची मी मुलाखत घेतली होती. त्यांच्या घरातून या कलेला विरोध होता, हे मला ठाऊक होते. मी त्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी विषय बदलला. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारले, तर ते चहा सांगायला आत गेले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र खाली पाहत म्हणाले, "दादाने माझी पेटी विकली होती." एवढेच. पुढे एक शब्दही नाही. अंकाच्या संपादकांनी पानांची अडचण सांगितली, मी प्रश्न काढले, आणि छापून आले ते असे की लहानपणीच्या आठवणी सांगता सांगता त्यांनी आपणहून थोरल्या भावाचे उणे काढले. भाऊ तेव्हा हयात होते. अंक निघाल्यावर त्या वादकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ताई, शब्द माझेच आहेत, पण हे मी सांगायला बसलो नव्हतो," इतकेच ते म्हणाले. त्या वर्षी भाऊबिजेला दोन्ही घरांचे येणे-जाणे झाले नाही, हे मला नंतर कळले. एकही शब्द मी बदलला नव्हता, तरीही छापलेला मजकूर खरा नव्हता. त्या वाक्यामागे दोनदा दिलेला नकार होता आणि माझा हट्टही होता. वाचकाला यातले काहीच दिसले नाही.

उत्तरावर अर्धा हक्क प्रश्नाचा असतो, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले. पुढे जगभर गाजलेल्या मुलाखती या दृष्टीने पुन्हा पाहू लागले, तेव्हा मोठमोठ्या माणसांच्या बाबतीतही हेच घडलेले आढळले.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये घेतलेली मुलाखत घ्या. बारा बैठका, अठ्ठावीस तासांहून अधिक चित्रण, आणि त्यासाठी निक्सन यांना ६ लाख डॉलर मानधन. "राष्ट्राध्यक्ष जेव्हा एखादी गोष्ट करतो, तेव्हा ती बेकायदेशीर नसते" या आशयाचे त्यांचे वाक्य आजही उद्धृत होते आणि ते त्यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाविषयी आहे, असे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात फ्रॉस्ट तेव्हा १९७० सालच्या ह्यूस्टन योजनेविषयी बोलत होते. युद्धविरोधी आंदोलकांवर पाळत ठेवणे, त्यांची पत्रे उघडणे, गरज पडल्यास घरफोडी करणे, असे प्रकार त्या योजनेत होते. देशहितासाठी राष्ट्राध्यक्ष बेकायदेशीर कृत्य करू शकतो, असे काही प्रसंग असतात, असेच तुम्ही म्हणत आहात ना, असे फ्रॉस्ट यांनी निक्सन यांचेच म्हणणे त्यांच्यापुढे मांडले, आणि त्यावर ते वाक्य आले. प्रश्नासह वाचले की निक्सन यांचा दावा अधिक गंभीर वाटतो, कारण तो एका प्रकरणापुरता बचाव राहत नाही. नागरिकांच्या घरात शिरण्याच्या अधिकाराविषयीची ती भूमिका ठरते. प्रश्न गळला आणि वाक्य चुकीच्या प्रकरणाला जाऊन चिकटले.

बाबासाहेबांच्या बाबतीत हे आपल्याला अधिक जवळून लागते. १९५५ मध्ये त्यांनी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचे तुकडे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. गांधीजींविषयीची त्यांची अत्यंत परखड मते त्यात आहेत आणि ती त्यांनी पूर्ण जबाबदारीने मांडली आहेत, त्यात मला काहीही सौम्य करून सांगायचे नाही. मात्र ते ध्वनिमुद्रण गांधीजींना ओळखणाऱ्या लोकांच्या आठवणी गोळा करणाऱ्या रेडिओ मालिकेसाठी झाले होते, ही गोष्ट त्या तुकड्यांसोबत कुणी सांगत नाही. त्यामुळे एक गट म्हणतो, "पाहा, बाबासाहेब गांधींवरच बोलत राहिले", आणि दुसरा गट तेच तुकडे शस्त्रासारखे वापरतो. त्यांना विचारलेच गांधींविषयी होते! गांधीजी सनातनी हिंदू होते असे तुम्ही म्हणाल का, असा प्रश्न आला, आणि त्यावर, होय, पूर्णपणे सनातनी, ते सुधारक कधीच नव्हते, असे ठाम उत्तर आले. 'सनातनी' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर प्रश्न ऐकल्याशिवाय कळत नाही. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा घेणारा हा माणूस त्या दिवशी धर्माविषयी काय बोलला असता, याची मला नेहमी हुरहुर लागते.

बीबीसीवरच १९५९ पासून जॉन फ्रीमन यांची मुलाखतमालिका सुरू झाली. त्यात कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असे आणि फ्रीमन बहुतेक वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत. मुलाखतकाराने आपला चेहरा पुसला, पण प्रश्न पुसला नाही, ही मला त्या मालिकेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. त्याच वर्षी वयाची ऐंशी ओलांडलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग त्यांच्यासमोर होते. लहानपणी तुमचा देवावर विश्वास होता का, असे विचारल्यावर युंग सहज हो म्हणाले. आता आहे का, या पुढच्या प्रश्नावर मात्र त्यांनी तो 'आता' हा शब्द स्वतः उच्चारून पाहिला, थांबले, उत्तर देणे अवघड असल्याचे म्हणाले, आणि मग म्हणाले की मला ठाऊक आहे, मला विश्वास ठेवण्याची गरज नाही. या शेवटच्या वाक्यावर इतकी पत्रे आली की १९६० च्या जानेवारीत त्यांना बीबीसीच्या साप्ताहिकात खुलासा करावा लागला. 'अवघड आहे' हे शब्द आणि तो थांबा गाळून नुसते 'मला ठाऊक आहे' छापले, तर एक साशंक म्हातारा माणूस क्षणात प्रवचनकार होतो.

आपल्याकडे प्रकट मुलाखतीची परंपरा मोठी आहे. व्याख्यानमाला, साहित्यसंमेलने, गणेशोत्सव, सगळीकडे श्रोता प्रश्नही ऐकतो आणि उत्तरही. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात बीएमसीसी महाविद्यालयाच्या मैदानावर राज ठाकरे यांनी शरद पवार यांची मुलाखत घेतली. "राज की उद्धव?" या प्रश्नावर पवारांनी "ठाकरे कुटुंबीय" असे उत्तर दिले, आणि प्रश्न विचारणारे स्वतः राज होते, म्हणूनच त्या दोन शब्दांना इतका अर्थ आला. हीच मुलाखत आमच्या पद्धतीने शब्दांकित केली असती, तर "मला ठाकरे कुटुंबीय जवळचे वाटतात" असे एक निर्जीव वाक्य कुठल्या तरी परिच्छेदात पडून राहिले असते.

आता दोन-तीन तासांचे पॉडकास्ट निघाले आहेत, आणि माणसांना इतका वेळ बोलू दिले जाते याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांचे चाळीस सेकंदांचे तुकडे करणारे तरुण नेमका प्रश्नच कापतात. आम्ही छापील मजकुरात जे केले, तेच ते पडद्यावर करत आहेत, म्हणून केवळ त्यांना बोल लावणे मला प्रामाणिक वाटत नाही.

संपादनाला माझा विरोध नाही. पॅरिस रिव्ह्यू या नियतकालिकाने १९५३ मध्ये पहिल्याच अंकात इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली, आणि लेखकांना मजकूर दाखवून त्यात दुरुस्ती करू देण्याची पद्धत तिथे रुजली. तरीही तिथल्या मुलाखती प्रश्नोत्तरांच्याच रूपात छापल्या जातात. पाल्हाळ काढावा, पुनरुक्ती काढावी, मुलाखत देणाऱ्याला एकदा वाचायला द्यावे. सलग निवेदनच हवे असेल, तर त्याला खुशाल आत्मकथन म्हणावे आणि त्या व्यक्तीने ते त्याच जाणिवेने सांगितलेले असावे. 'मुलाखत' या शीर्षकाखाली मात्र, उत्तर कितव्या वेळी विचारल्यावर मिळाले, हे वाचकाला कळले पाहिजे.

या वर्षीच्या अंकासाठी मी एका निवृत्त न्यायाधीशांशी तीन दिवस बोलले. पानांची अडचण आलीच. माझी दीड पानांची प्रस्तावना मी काढून टाकली, त्यांच्या सत्कारांची चौकट काढली, आणि सगळे प्रश्न ठेवले. एका ठिकाणी, "यावर मला बोलायचे नाही," असे त्यांचे उत्तर आहे. तेही प्रश्नासकट तसेच छापायला दिले आहे.