‘46 पीसचा सेट पहिल्याच चाकाला तुटला’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरच्या घरी गाडीची बारीकसारीक कामं करायला आपण स्वस्तातला टूल सेट मागितला, आम्ही 46 पीसचा दिला, पहिल्याच चाकाला रॅचेट (गोट्या फिरवायचं, एकाच दिशेला पकडणारं हँडल) तुटला आणि आम्ही तो बदलून दिला नाही. ऑनलाइन थोडे जास्त पैसे टाकले असते तर 108 पीस आले असते. शिवाय ‘इंदूरच्या सियागंजात मराठी दुकान बघून गेलो होतो’ असंही आपण लिहिलंय.

काउंटरवर आपण कामं सांगितली होती ती अशी: बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टर, नंबर प्लेट, डॅशबोर्डखालचे स्क्रू. एवढ्यासाठी तो सेट अगदी योग्य आहे आणि आजही मी तोच देईन. चाकाचा विषय निघाला तेव्हा आमच्या मुलानं अर्धा इंची एल हँडल (चाकाचे नट सोडवायचा एल आकाराचा पाना) काढून समोर ठेवलं होतं. ‘तो पाना गाडीत आहेच’ म्हणून आपण ते परत केलंत. त्यात काही चूक नाही, गाडीत तो असतोच. मग चाक खोलताना तोच का नाही वापरला, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

आपण परत आणलेला रॅचेट मी स्वतः हातात घेऊन पाहिला. मुठीच्या रबरावर गोल खरचटल्याची खूण होती, ती पाइप चढवल्याची. पुढचं चौकोनी टोक पिळून तिरकं झालं होतं आणि त्यावर पाव इंचाचा अर्धा इंच करणारा अडॅप्टर घट्ट रुतून बसला होता. सेटमधली सगळ्यात मोठी गोटी (नटावर बसणारा सॉकेट) 14 मिलिमीटरची आहे. म्हणजे 19 ची गोटी आणि अडॅप्टर बाहेरून आणला, वर पाइप घातला आणि जोर लावला. शिवणकामाच्या कात्रीनं पत्रा कापायला घेतला तर कात्रीचं दुसरं काय होणार?

हिशेब सांगतो, म्हणजे आम्ही पळवाट काढतोय असं वाटायला नको. गोटी ज्या चौकोनी टोकावर बसते त्याला ड्राइव्ह म्हणतात, आणि आपला सेट पाव इंची ड्राइव्हचा आहे. पाव इंची ड्राइव्हचा चौकोन 6.35 मिलिमीटरचा असतो, अर्धा इंचीचा 12.7 चा. बाजू दुप्पट झाली, पण पीळ सोसायची ताकद बाजूच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे एकाच पोलादात जवळजवळ आठपट. लहान गाडीच्या चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरला आवळतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हा झाला कागदावरचा आकडा. टायरवाल्यानं हवेची गन धरून ठेवली की नट त्याच्या कितीतरी पुढे आवळला जातो, आणि त्यावर एखादा पावसाळा गेला की गंजही धरतो. तिथं पाव इंची रॅचेट, मग तो कितीही भारी कंपनीचा असो, टिकणार नाही.

खरं तर जाम नट फोडणं हे रॅचेटचं कामच नाही. आत बारीक दात आणि एक खटका असतो. 24 दातांचा रॅचेट 15 अंशाला पुढचा दात पकडतो, 72 दातांचा 5 अंशाला, म्हणून तो अडचणीच्या जागी बरा. पण दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो, हे डब्यावर कुणी लिहीत नाही. चाक खोलताना गाडी जमिनीवरच असू द्या, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, लांब दांड्याच्या पान्यानं प्रत्येक नट थोडा ढिला करा आणि मगच जॅक लावा. पुढे रॅचेटनं खुशाल फिरवा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका, स्टँड लावा.

आता 108 पीसचं. त्या सेटमध्ये बहुधा पाव आणि अर्धा इंची दोन्ही ड्राइव्ह असतात, आणि माल चांगला असेल तर तो घ्यायला माझी ना नाही. पण पीस मोजताना बिट (स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं) आणि एल-की वेगळ्या काढून मोजा. आमच्या 46 मध्येही निम्म्याहून जास्त तेच आहेत, लपवण्यासारखं काही नाही. मारुतीसारख्या जपानी घडणीच्या गाडीत 8, 10, 12, 14, 17 आणि 19 यांवर बहुतेक कामं उरकतात. युरोपी घडणीच्या गाडीत 13 वरचेवर लागतो. चाकाला मारुतीत सहसा 19, ह्युंदाईत 21. साडेचार आणि साडेपाचच्या गोट्या बऱ्याच जणांच्या डब्यात कोऱ्याच राहतात. 10 ची मात्र हमखास हरवते, म्हणून ती आम्ही सुटी ठेवतो.

बजेट कमी असेल तर माझा क्रम असा: आधी 8 ते 19 चे रिंग-फिक्स पाने, मग अर्धा इंची एल हँडल आणि आपल्या चाकाच्या मापाची एक सहा कोनी गोटी, मग नाशिकच्या टापरियाची पक्कड आणि एक बरा स्क्रू ड्रायव्हर. पाव इंची सेट त्यानंतर. गोटी सहा कोनीच घ्या, कारण कडा झिजलेल्या नटावर बारा कोनी लवकर घसरते. ‘क्रोम व्हॅनेडियम’ पोलाद असा छाप कुणीही मारतो. त्यापेक्षा गोटी बोल्टवर बसवून हलवून बघा, खडखडली तर परत ठेवा. आमच्या दुकानातली असली तरी.

बदलून देण्याबद्दल: पाइप लावून तुटलेलं टूल बदलून मिळणार नाही, हे बिलाच्या मागे छापलेलं आहे आणि आमचं उत्तर तेच राहील. कंपनीही तो माल परत घेत नाही. पण आपला सेट काही वाया गेलेला नाही. गोट्या शाबूत आहेत, फक्त रॅचेटचं हँडल सुटं मिळतं, ते आपल्याला खरेदीच्या भावात देतो. अडॅप्टर शिकंज्यात धरून काढून देऊ, त्याचे पैसे नकोत. रविवार सोडून कधीही या.

मराठी दुकानाचं म्हणाल तर गिऱ्हाईक मराठी वस्तीच्या रामबागेतलं असो की खजराण्याचं, पाव इंचाला आम्ही पाव इंचच म्हणणार.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणणार नाही. फक्त त्यात पाइप लावला होता एवढं एक वाक्य घाला.