पाचोळा पेटवून ट्रॅक साफ होत नाही

‘थंडीत बागेतले ट्रॅक पळण्याजोगे ठेवण्याचे पाच उपाय’ हा मेसेज डिसेंबर लागल्यापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि जॉगिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली ‘एका निवृत्त क्रीडाशिक्षकाचा अनुभव’, नाव अर्थातच नाही. मी वाचून सोडून दिला होता. पण परवा आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याचा प्रिंट काढून आणला, बागेच्या फाटकावर लावायला. अण्णांना दमा आहे. खिशात पंप घेऊन फिरायला जाणारा माणूस ‘पालापाचोळा जागेवरच जाळा’ असं चिकटवायला निघाल्यावर गप्प कसं बसायचं?

मेसेज म्हणतो: एक, गळलेला पाला रोज गोळा करून तिथेच पेटवा, धुराने डास जातात, राखेचं खत होतं. दोन, पहाटे पाचलाच पळा, तेव्हा झाडं सर्वाधिक प्राणवायू सोडतात. तीन, मातीच्या ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक बसवा. चार, रोज पहाटे पाइप लावून ट्रॅक भिजवा. पाच, दव गोठून पाय घसरू नये म्हणून जाडं मीठ टाका.

मीठ आधी उरकते. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १९३५ च्या जानेवारीतलं, १.७ अंश. मीठ टाकतात ते बर्फाच्या देशांत, कारण खारट पाणी शून्याच्याही खाली जाऊन गोठतं. आणि तिथेही त्या मिठाने रस्त्याकडेची झाडं खराब होतात. सारसबागेत बर्फ पडला तर पोतं घेऊन मीच येईन.

आता तो पाचोळा. दवाने ओलसर झालेला ढीग भडभडून पेटत नाही, तासन्‌तास धुमसतो. धुमसणाऱ्या ढिगातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात. त्यात पुण्याची थंडी. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेचं त्यावर झाकण पडतं. भोवती टेकड्या. सकाळी लवकर वेताळ टेकडीवरून कोथरूडकडे बघा, धुराचा सपाट थर दिसेल. त्यात हे पाच उपायवाले नवा धूर सोडायला सांगतात, तोही नेमका लोक धापा टाकत असतात तिथे! स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पळताना तीच साठ लिटरच्या वर जाते, आणि बरीचशी तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणीही नाही. बागेत कोणी पळणार नसेल, तरच ट्रॅकशेजारी पाला पेटवा.

शिवाय हा गुन्हा आहे, ‘अनुभव’ नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. घनकचऱ्याच्या नियमांत बागेतला कचराही येतो, त्यामुळे ‘पानंच तर आहेत’ ही सबब चालत नाही. अण्णांना दम्याचं सांगून पटलं नव्हतं. पाच हजारांचा आकडा ऐकल्यावर प्रिंट खाली ठेवला.

राखेचं खत म्हणे! पोटॅश आणि चुना उरतो, नत्र आणि सेंद्रिय भाग धुरातून निघून जातो. डास धूर असेपर्यंत लांब राहतात, मग परत येतात.

एक मात्र कबूल करावं लागेल. पाचोळा ट्रॅकवर तसाच ठेवूनही चालत नाही. खाली मूळ आहे की फुटकी फरशी, कळत नाही, घोटा मुरगळतो. आणि थंडी हा घोणशीचा मिलनाचा काळ. वाळक्या पानांत ती दिसत नाही, टेकड्यांवर तर मुळीच दिसत नाही. म्हणून ट्रॅक रोज झाडायलाच हवा. पण झाडलेला पाला दोन पावलं बाजूला, झाडांच्या आळ्यांत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात जाऊ शकतो. पुण्यातच ‘ब्राऊन लीफ’वाले पाला नको असलेल्यांची आणि खतासाठी हवा असलेल्यांची गाठ घालून देतात. झाडणाऱ्या मावशींवर कोणी ओरडू नये. भरलेली पोती आठवडाभर कोणी उचलली नाहीत की काडी लागते. ग्रुपने भांडायचंच असेल तर पोती उचलण्याचा वार ठरवून घेण्यासाठी भांडावं.

पहाटे पाचचा प्राणवायू: जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. उजेडाशिवाय झाडं प्राणवायू तयार करत नाहीत, अंधारात तीही आपल्यासारखा श्वासच घेतात. हवेत प्राणवायू रात्रंदिवस सुमारे २१ टक्केच असतो. पाचला गाड्या कमी असतात, हे खरं. पण रात्रीचा धूर उबदार हवेचं ते झाकण उठेपर्यंत खालीच असतो, आणि ते उन्हाने उठतं. आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर हवेच्या प्रदूषणाचे आकडे मिळतात, ते बघून वेळ ठरवा. ऑफिस गाठणाऱ्यांना ऊन परवडत नाही, मलाही नाही. अण्णांना कुठली घाई आहे?

पेव्हर ब्लॉकना झाडांची मुळं खालून उचलतात, सावलीत त्यांवर शेवाळ धरतं आणि दवात त्यांवरूनच पाय घसरतो. मातीच्या ट्रॅकला मुरूम आणि रोलर लागतो, तो वर्षानुवर्षे फिरत नाही ही खरी तक्रार.

पाण्याने धूळ बसते, मान्य. पण पहाटे पाइप सोडला की सहाला चिखल आणि खळग्यांत डबकी. डास त्यातच होतात, ज्यांना घालवायला पहिल्या उपायात धूर केला होता. पाणी संध्याकाळी बाग बंद होताना, नुसतं शिंपडून मारावं.