रिकॉलवाली डिझेल फुकट दिली तरी घेऊ नका म्हणे!

परत तो मेसेज फिरतोय, की फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीच्या २०१५ च्या रिकॉलमधली डिझेल गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, इंजिनच सदोष, पीयूसी निघत नाही, अपडेट मारलं की ॲव्हरेज झोपतं, आणि वर कोर्टाची बंदी. एवढ्या सगळ्यात खरं जेमतेम अर्धं वाक्य आहे.

इंजिन सदोष नाहीये हो, लबाडी सॉफ्टवेअरमध्ये होती. गाडी रोलरवर टेस्टला उभी आहे हे सॉफ्टवेअरला कळायचं, तेवढ्यापुरता नायट्रोजन ऑक्साइडचा धूर कमी करायचा, रस्त्यावर आली की परत सैल. म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवल्या, १.२ पासून २.० लिटरपर्यंतच्या ईए१८९ इंजिनवाल्या. बिघाड म्हणून नव्हे, हे सॉफ्टवेअर बदलायला, तोच तो अपडेट.

पीयूसीचं तर हसूच येतं. मेव्हण्याच्या २०१३ च्या फोक्सवॅगन वेंटोची काढताना मी शेजारीच उभा होतो, पंपावरच्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, "दाबा दाबा" म्हणाला, चार वेळा रेस, कागद हातात. डिझेलला तिथे फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, मग रिकॉलमुळे फेल कशी होईल? आणि म्हणूनच पीयूसी आहे म्हणजे अपडेट झालंय असंही समजू नका.

कोर्टाची बंदी दिल्ली-एनसीआरमधली, ती १० वर्षांवरच्या डिझेलच्या वयावर होती, रिकॉलशी काही संबंध नाही. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोकला तो कंपनीला, गाडीमालकाला नाही (त्यालाही पुढे सुप्रीम कोर्टात ब्रेक लागला).

आता अपडेटचं, ते अर्धं वाक्य हेच. अपडेटनंतर ईजीआर, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, जास्त काम करतो अशी तक्रार युरोपातल्या बऱ्याच मालकांनी केलीये, आणि ईजीआर जास्त चालला की काजळी साठते हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. रोज ३ किलोमीटर शाळा-भाजी करणाऱ्या गाडीत हे लवकर होतं, महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर मारणाऱ्या गाडीत कमी. मायलेजबद्दल जर्मन वाहन खात्याने मंजुरी देताना फरक नाही असं म्हटलं होतं, मालक वेगळं सांगतात, मी मधे कुठेतरी मानतो. पण "इंजिन संपतं" हा निव्वळ फेकाफेकीचा प्रकार.

खरी काळजी वेगळीच आहे. यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा २०१५ ची, म्हणजे १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन २०३० ला संपणार, पुढे फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा, डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर ट्रॅफिकमध्ये चालवून बघा. आणि आपल्याकडचा रिकॉल ऐच्छिक होता, त्यामुळे अपडेट झालंय का ते चॅसी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरलाच विचारा. डीलर "झालंय साहेब" म्हणाला तर जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरचा केलेल्या कामाचा कागद, मागा, नसेल तर २०-२५ हजार खाली पाडायला हेच कारण पुरतं.