गुलाबाच्या काड्या काळ्या का पडल्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार अशी आहे: मे महिन्यात गुलाबाच्या दहा काड्या अंगणातल्या काळ्या मातीत लावल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, पंधरा दिवसांत हिरवे फुटवे आले आणि मग सगळ्या काड्या बुडापासून काळ्या पडत गेल्या. रूटिंग पावडरशिवायही काम होतं असं लिहून मी लोकांची दिशाभूल करतो. त्यापेक्षा काडी बटाट्यात खोचून किंवा बुडाला मध लावून लावलेली बरी, असं तुम्ही लिहिलंय.

आधी पावडरीचं. तिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, म्हणजे ऑक्झिन गटातलं संप्रेरक. तसलं संप्रेरक झाड स्वतःही तयार करतं. पावडरीने मुळ्या लवकर आणि जास्त सुटतात, गुलाबाला तर फायदा दिसतोच. घरात असेल तर जरूर लावा. पण मुळी सुटेपर्यंत काडी जिवंत राहायला हवी, आणि ते काम पावडर करत नाही. तुमच्या काड्या त्याआधीच गेल्या.

फुटवे आले म्हणून काडी लागली असं तुम्ही धरलंत. इथेच बहुतेकांची फसगत होते. काडीत साठवलेलं अन्न आणि पाणी असतं, त्याच्या जोरावर डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, फुटतात. खाली एकही मुळी नसताना वर पानं उघडतात आणि उघडली की हवेत पाणी सोडायला लागतात. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर सावलीतही अंग भाजतं. साठा संपला की काडी मान टाकते. म्हणून पान हा पुरावा धरू नका. काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा. खालून धरून ठेवल्यासारखं वाटलं, तर मुळी आहे.

कधी माती बाजूला सारून पाहिलंत तर कापलेल्या टोकाला पांढरट, खडबडीत गाठीसारखं कडं दिसेल. ती मुळी नव्हे, जखम भरून आल्याची खूण आहे. मुळ्या नंतर येतात, पांढऱ्या दोऱ्यासारख्या, बऱ्याचदा डोळ्याच्या पेराजवळची साल फोडून. म्हणूनच खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यायचा. कुजलेल्या काडीचं बूड मात्र नखाने खरवडलं की साल सुटून हातात येते आणि आत तपकिरी निघतं. तुमच्या काड्यांचं हेच झालं असणार.

त्याला कारण काळी माती. कपाशीला ती सोनं आहे, काडीला नाही. पाणी पिऊन ती फुगते, दाबून बसते, आत हवा राहत नाही. कापलेल्या बुडाला श्वास घ्यायला हवा लागते; ती मिळाली नाही की बुरशी आधी पोचते. तुम्ही दोन वेळा पाणी घालत गेलात, म्हणजे वरून काडी वाळत होती आणि खालून कुजत होती. नदीची रेती चाळून, धुऊन घ्या. कुंडीला भोक मोठं ठेवा. शेणखत, युरिया काही नको. मुळ्याच नाहीत तर खाणार कोण?

बटाट्याने ओल मिळते हे खरं, पण तो स्वतः कुजतो आणि काडीलाही कुजवतो. मधात मुळी फोडणारं काही नाही. फार तर कापावरचे जंतू थोडे आवरतील.

आता वेळ. मृग लागून पाऊस नीट स्थिरावला की जुलै-ऑगस्ट हे आपले महिने. आभाळ झाकलेलं, हवा ओलसर. पानातून पाणी कमी जातं. फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. पंधरा ते वीस सेंटिमीटर लांब, चार-पाच डोळ्यांची. खालची पानं काढा, वर एखाद-दोन ठेवा. दोन डोळे रेतीत, बाकी वर. उलटी लावू नका. तोडल्यावर वरची-खालची बाजू विसरते, म्हणून वरचा काप तिरका घेत जा. बूड कापलेली प्लास्टिकची बाटली वरून झाकण म्हणून घाला, पण कुंडी कडुलिंबाखाली ठेवा. उन्हात त्या बाटलीत काडी शिजते.

आणि फांदी कुठून घेतली तेही बघा. लग्नातल्या गुच्छातल्या गुलाबाच्या दांड्या तोडून बरेच दिवस झालेले असतात, त्यांच्यात जीव उरलेला नसतो. नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या जातीही हट्टी असतात, म्हणून त्यांचे डोळे बहुधा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या बुंध्यावर, बसवतात; यालाच डोळा भरणं म्हणतात. पहिल्यांदा गावठी गुलाबी गुलाब लावा.

शेवटी तुम्ही संत्र्याचं विचारलंय. संत्र्याची काडी लावत बसू नका. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलं रोप घ्या. आपल्याकडच्या बागा अशाच उभ्या आहेत. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी मात्र तुम्ही बांधावर सरळ रोवू शकता.

रेतीत मुळ्या धरल्यावर गुलाब मोठ्या कुंडीत हलवा, काळ्या मातीत निम्मी रेती आणि जुनं शेणखत घालून. पहिला आठवडा सावलीतच ठेवा. नवी फांदी वाढायच्या आत कळी आली, तर ती खुडून टाका.