50 की 35–70 झूम? प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, फिल्म कॅमेऱ्याला जुनी 50 मिमी, एफ 1.8 ची लेन्स घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो). त्यावर तुमचं म्हणणं असं: 50 मिमी लेन्स शहरात ठीक, पण आपल्या खेड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत तिच्यात घर मावत नाही. 35–70 झूम, म्हणजे 35 ते 70 मिमी फिरवता येणारी लेन्स, सांगायला हवा होता. 50 च घ्यायची तर एफ 1.4 ची. आणि जुनी लेन्स आपल्या उन्हाळ्यात टिकणार कशी?

खोलीचा मुद्दा बरोबर आहे, तो लेखात यायला हवा होता. भिंतीला पाठ टेकवली तरी समोरचा माणूस जेमतेम अडीच मीटरवर असतो. तिथे कॅमेरा आडवा धरून 50 मध्ये 1.8 मीटर रुंदी मिळते, 35 मध्ये साधारण 2.6. खाटेवर बसलेले आजी-आजोबा 50 मध्ये येतात, अख्खं कुटुंब येत नाही. घरातलेच फोटो जास्त असतील तर खुशाल 35 घ्या, पण एफ 2 किंवा 2.8 ची.

झूमला माझा विरोध उजेडामुळे आहे. टिनाच्या खोलीत एक दार, एक लहान खिडकी. तिथे 400 आयएसओच्या फिल्मवर (हा आकडा फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो) एफ 2 ला 1/60 सेकंदाचा शटर वेग कसाबसा मिळतो. असे झूम बहुधा एफ 3.5 पासून सुरू होतात, म्हणजे शटरचा डायल 1/15 वर न्यावा लागतो. चुलीपुढे भाकर थापणारे हात तेवढ्यात हललेच म्हणून समजा. शिवाय व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) अंधारतो आणि फोकस चुकतो.

एफ 1.4 चा फायदा 1.8 पेक्षा फक्त दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). भर उन्हात पऱ्हाटीच्या वावरात 400 ची फिल्म एफ 16 ला 1/500 मागते. पेंटॅक्स के1000 या फिल्म कॅमेऱ्याचं शटर 1/1000 वर संपतं, म्हणजे एफ 11 च्या पुढे उघडताच येत नाही. तिथे दोन्ही लेन्स सारख्याच. वाचलेल्या पैशांची फिल्म घ्या.

आता उन्हाळा. ही शंका सगळ्यात मोलाची. उष्णतेनं जुन्या लेन्समधलं ग्रीस पातळ होतं आणि त्याचं तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर, म्हणजे लेन्सचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या पट्ट्यांवर, उतरतं. पाती चिकटतात, शटर उघडेपर्यंत पूर्ण मिटत नाहीत. म्हणून 1.8 वरचे फोटो नीट येतात आणि उन्हातले एफ 11 चे जास्त उजेडानं जळतात. लोक कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दोष देतात, मीटर बिचारा बरोबर असतो. घेण्याआधी लेन्स काढून तिची एफच्या आकड्यांची रिंग 16 वर ठेवा. पेंटॅक्स के किंवा निकॉनची असेल तर मागचा लिव्हर सरकवला की पाती उघडतात, सोडला की टचकन मिटायला हव्यात. दहा वेळा करा. एकदाही रेंगाळल्या, किंवा पात्यांवर तेलकट चमक दिसली, तर लेन्स परत द्या. मग रिंग 1.8 वर आणून, लिव्हरनं पाती उघडी धरून मागून तिरपा टॉर्च मारा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

बुरशी फक्त पावसाळ्यात धरते असं नाही. थंडावा म्हणून लेन्स कूलरच्या खोलीत किंवा माठाशेजारी ठेवतात, तिथली हवा मे महिन्यातही ओलसर असते. टिनाखालीही नको. मातीच्या भिंतीच्या कोरड्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि पावसाळा लागण्याआधी पुड्या बदला.